कोणताही कांदा कोणी उचलायचा?

पत्राचा सारांश: निफाड तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने नाशिकला येणारी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी लिहिते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीच्या गणितात चांगले गुण, मॅट्रिक्सच्या आकडेमोडीत हात चटकन चालतो. पण यंदा लिनिअर अल्जेब्रात व्हेक्टर स्पेस (बेरजेचे आणि आकड्याने गुणण्याचे ठरावीक नियम पाळणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे व्हेक्टरचा, संच) सुरू झाल्यापासून ‘प्रूव्ह दॅट’ दिसलं की पान कोरं राहतं. मैत्रीण फोनवरच्या एआय अ‍ॅपमधून तयार उत्तरं पाठवते, ती उतरवून असाइनमेंट जमा होते. अंतर्गत परीक्षेत तेच प्रश्न जरा फिरवून आले आणि वीसपैकी सहा पडले. सरांना विचारायची भीती वाटते. कॉलेज रोडला एक क्लास आहे, पण यंदा द्राक्षांचं काही खरं नाही, त्यामुळे वडिलांकडे फीचा विषय काढवत नाही. ती विचारते: “माझं प्रूफचं डोकंच नसेल तर गणित सोडून संख्याशास्त्राकडे वळू का? मदत घ्यायची तर कुणाची? आणि अशी मदत म्हणजे कॉपीच नाही का?” सोबत तपासलेल्या पेपरच्या एका पानाचा फोटो आहे, आणि शेवटी न सुटलेला आणखी एक प्रश्न.

प्रिय मुली,

पत्राआधी मी तो फोटो पाहिला. माझी बरीच वर्षं इथेच, नाशिकमध्ये, कॉलेजच्या मुलांना गणित शिकवण्यात गेली. लाल शाई दिसली की डोळे आपसूक तिकडे जातात. आणि फोटो पाहून झाल्यावर तुझं ‘डोकंच नाही’ हे वाक्य मी बाजूला ठेवून दिलं. त्या पानावर तसं काही दिसत नाही. दिसते ती एक ठरावीक चूक, जी मी दरवर्षी नव्या हस्ताक्षरात वाचत आले.

तर आधी त्या चुकीबद्दल. सर, क्लास, संख्याशास्त्र हे सगळं नंतर.

प्रश्न असा होता. (व्हेक्टरना मी प, फ, ब म्हणते आणि आकड्यांना क, ख, ग.) प, फ, ब हे लिनिअरली इंडिपेंडंट आहेत (म्हणजे त्यांतला एकही उरलेल्यांना आकड्यांनी गुणून आणि मिळवून तयार होत नाही), तर प+फ, फ+ब, ब+प हेही लिनिअरली इंडिपेंडंट आहेत हे दाखवा. तू लिहिलंस: “क = ०, ख = ०, ग = ० ठेवू. मग क(प+फ) + ख(फ+ब) + ग(ब+प) = ०. म्हणून ते इंडिपेंडंट आहेत.” सरांनी त्याभोवती गोल काढून नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय. (माझी तक्रार असलीच तर त्या मुक्या प्रश्नचिन्हाबद्दल आहे. पुढे चार शब्द लिहिले असते तर तुझे पुष्कळ दिवस वाचले असते. पण पेपरांचा गठ्ठा केवढा असतो हेही मला ठाऊक आहे.)

गंमत अशी की तुझं शेवटचं वाक्य सोडलं तर प्रत्येक वाक्य खरं आहे. शून्याने गुणून बेरीज केली की शून्यच येणार. पण ते जगातल्या सगळ्याच व्हेक्टरच्या बाबतीत खरं आहे. (१, ०) आणि (२, ०) घे. दुसरा पहिल्याच्या सरळ दुप्पट आहे, म्हणजे दोघे एकमेकांवर अवलंबून. तरी दोघांना शून्याने गुणून मिळवलं की शून्यच येतं. तुझी सिद्धता चालवून घेतली तर डिपेंडंट म्हणावं असं काही शिल्लकच राहणार नाही.

व्याख्या म्हणते: जर क, ख, ग यांनी गुणून केलेली बेरीज शून्य आली, तर क, ख, ग हे तिघेही शून्यच असले पाहिजेत. तू ‘तर’पासून निघून ‘जर’पाशी पोचलीस. पाऊस पडला तर अंगण भिजतं हे खरं, पण सकाळी अंगण ओलं दिसलं म्हणून तू रात्री पाऊस पडला असं म्हणशील का? आईने सडा टाकला असेल. घरी ही चूक तू कधीच करणार नाहीस. वहीत ती होते, कारण वहीतलं वाक्य तू वाक्य म्हणून वाचतच नाहीस. बेरीज, शून्य, क-ख-ग एवढ्या खुणा दिसल्या की हात आकडेमोडीला लागतो. बारावीपर्यंत त्या चपळ हातानेच तुला गुण मिळवून दिले, त्यामुळे त्याला दोष तरी काय द्यायचा.

आता तीच सिद्धता सरळ दिशेने चालून बघू. व्याख्येतला ‘जर’ हीच आपली पहिली ओळ: समजा, क(प+फ) + ख(फ+ब) + ग(ब+प) = ०. क, ख, ग काय आहेत हे आपल्याला माहीत नाही. तेच तर शोधायचंय. कंस सोडवून प, फ, ब वेगळे कर: (क+ग)प + (क+ख)फ + (ख+ग)ब = ०. इथे जरा थांब आणि दिलेली माहिती आठव. प, फ, ब स्वतः इंडिपेंडंट आहेत, म्हणून क+ग = ०, क+ख = ०, ख+ग = ०. पहिल्या दोहोंवरून ख आणि ग दोघेही –क. तिसऱ्यात घातलं की –२क = ०, म्हणून क = ०, आणि मग ख, ग सुद्धा शून्य. झालं. यात तुला न येणारी एकही आकडेमोड नव्हती. अडलं होतं ते फक्त पहिल्या ओळीपाशी, आणि ती ओळ सुचावी लागत नाही. व्याख्येतून उचलायची असते.

(एक चोंबडेपणा: –२क = ० वरून क = ० काढताना आपण दोनने भागलं. ज्या संख्याव्यवस्थेत १+१ = ० असतं तिथे हे चालत नाही, आणि तिथे हे विधानच खोटं ठरतं. तुझ्या अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी वास्तव संख्याच असतात, तेव्हा परीक्षेत घाबरू नकोस. पण प्रत्येक पायरीला ‘हे कशाच्या जोरावर?’ असं विचारलं की असं काही सापडतं.)

दुसरी गोष्ट तू पत्रात ओझरती लिहिलीस, पण माझ्या मते अर्धं दुखणं तिथे आहे. तू म्हणतेस, “कोणताही व्हेक्टर घ्या असं सर म्हणतात, मग मी (१, २) घेतला तर चूक का?”

आपल्या बोलण्यात ‘कोणताही घे’ म्हणजे तुला हवा तो घे. ताटातला कोणताही लाडू घे, निवड तुझी. सिद्धतेतला ‘कोणताही’ नेमका उलटा असतो. तू निफाडची, तेव्हा लासलगावच्या लिलावात कांदा कसा विकला जातो ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असशील. ट्रॉली उभी असते, शेतकरी म्हणतो, माल एकसारखा आहे, कोणताही कांदा उचलून बघा. उचलतो कोण? व्यापारी. शेतकऱ्याने स्वतःच वरचा एक देखणा कांदा काढून दाखवला तर त्याला कोण विचारील? ‘कोणताही व्हेक्टर घ्या’ म्हणजे उचलणारा समोरचा आहे. तो कोणता उचलेल हे तुला आधी माहीत नाही, म्हणून त्याला तू नुसतं प म्हणतेस, आणि प कोणताही निघाला तरी टिकेल असंच बोलतेस. तू (१, २) घेतलास तेव्हा तू वरचा देखणा कांदा दाखवलास.

याची दुसरी बाजूही तुला कळेल. ‘माल एकसारखा नाही’ हे दाखवायला किती कांदे लागतात? एक सडका पुरतो. म्हणून विधान खोटं पाडताना (१, २) सारखं एकच उदाहरण घेतलेलं चालतं, आणि तेव्हा निवड तुझी असते. एकाच वहीत एका पानावर उदाहरण चालतं आणि दुसऱ्या पानावर चालत नाही, याचा तुला आलेला राग मी समजू शकते. कारण एवढंच.

मुलं मग विचारतात, “दहा उदाहरणं घेतली तर? शंभर?” यावर मला आपले कापरेकर आठवतात. द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे. त्यांचा ६१७४ चा खेळ तू केला असशील: चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करायचा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलीस तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७; मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२; मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर तेच केलं की पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. इथे संख्या मोजक्या आहेत, दहा हजारांच्या आतल्या. जिद्दीने एकूण एक तपासल्या तर ती खरीखुरी सिद्धता झाली, कुणी नाव ठेवू शकत नाही. पण प्रतलावरचे व्हेक्टर अनंत. तिथे शंभर तपासले काय आणि लाख तपासले काय, ट्रॉली संपत नाही. म्हणून एका प च्या आडून सगळ्यांबद्दल एकदाच बोलायचं.

तुझी तिसरी तक्रार, ‘जे उघड दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं’. शून्याने कोणत्याही व्हेक्टरला गुणलं की शून्य व्हेक्टर येतो, यात सिद्ध करण्यासारखं काय आहे, असं तू विचारतेस. तर एक विचित्र स्पेस घे. त्यातले व्हेक्टर म्हणजे धन वास्तव संख्या. दोन व्हेक्टरची ‘बेरीज’ म्हणजे त्यांचा गुणाकार, आणि क या आकड्याने ‘गुणणं’ म्हणजे क वा घात काढणं. तपासून बघ, व्हेक्टर स्पेसचे सगळे नियम पाळले जातात. इथला शून्य व्हेक्टर कोणता? ज्याची ‘बेरीज’ केली तरी काही बदलत नाही तो, म्हणजे १! आणि पाचला शून्याने ‘गुणलं’ तर पाचचा शून्यावा घात, म्हणजे पुन्हा १. विधान इथेही खरं ठरलं, पण आता उघड राहिलं नाही. आकडा शून्य आणि व्हेक्टर शून्य हे दोन वेगळे गृहस्थ आहेत. सिद्धता मात्र दोन्हीकडे तीच: ०प = (०+०)प = ०प + ०प, आता दोन्ही बाजूंत –(०प) मिळव. नियमांपलीकडे काहीच वापरलं नाही, म्हणून ती कोणत्याही स्पेसमध्ये टिकते.

या कल्पना अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि तो फक्त तुलाच लागतो असं नाही. हर्मान ग्रासमान नावाच्या जर्मन शाळामास्तरांनी १८४४ मध्ये या विषयाचा पाया मांडला तेव्हा गणितज्ञांनीही तो फारसा वाचला नाही. (कंटाळून ते संस्कृतकडे वळले आणि ऋग्वेदाचा कोश करून ठेवला; तो अजूनही वापरात आहे.) आज तुझ्या वहीत आहेत तसे नियम इटलीच्या पेआनोंनी लिहिले ते १८८८ मध्ये. मधली ४४ वर्षं मोजून बघ. तुझं एक सत्रही संपलेलं नाही.

आता मदतीचं. तू विचारतेस, मदत घेणं म्हणजे कॉपी का. मैत्रिणीने पाठवलेलं उतरवणं ही कॉपीच, त्यात मी तुला गोड बोलून फसवणार नाही. पण त्याचं नुकसान नीतीपेक्षा साधं आहे: तयार उत्तरात पहिली ओळ आयती मिळते, आणि तुझं अडतं नेमकं पहिल्या ओळीपाशी. म्हणजे जो व्यायाम करायचा तोच दुसऱ्याने करून दिला.

म्हणून मदत मागायची ती अशा बेताने, की पहिली ओळ तुझी राहील. वीस-पंचवीस मिनिटं घड्याळ लावून बस. पानाच्या वर लिही: काय दिलंय, काय दाखवायचंय, आणि त्यात आलेल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या. ती मराठीत लिही, अगदी घरच्या मराठीत. ‘जर-तर’ आणि ‘जो-तो’ या आपल्या जोड्या इथे फार कामाला येतात. इंग्रजी ‘एनी’मध्ये जे लपतं ते मराठीत ‘जो जो घ्याल तो तो’ म्हटलं की उघडं पडतं. मराठी माध्यमाचा तुला न्यूनगंड आहे असं पत्रावरून वाटलं, म्हणून मुद्दाम सांगते. विचार मराठीत कर, उत्तर इंग्रजीत उतरव. मग पानाला मधे रेघ मार. डावीकडे विधान, उजवीकडे कारण: दिलेलं आहे, व्याख्या, अमुक नियम, किंवा वरची तिसरी ओळ. ज्या ओळीसमोर उजवीकडे काही लिहिता येत नाही, तिथे तुझा प्रश्न सापडला. ‘मला व्हेक्टर स्पेस कळत नाही’ हा प्रश्न नव्हे, त्याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही.

तो कागद घेऊन सरांकडे जा. भर वर्गात नको, तास संपल्यावर स्टाफरूमच्या दाराशी. “सर, इथपर्यंत आलंय, या ओळीचं कारण सापडत नाही,” एवढंच म्हण. सर रागावतात ते बहुतेक कोऱ्या पानावर. अर्धं भरलेलं पान घेऊन आलेल्या मुलीला हाकलून देणारा शिक्षक मला तरी क्वचितच भेटला. भेटलाच, तर स्टाफरूममध्ये आणखी शिक्षक असतात.

अ‍ॅपचं म्हणशील तर ते फेकून दे असं मी सांगणार नाही, तू फेकणारही नाहीस. पण त्याला उत्तर मागू नकोस. आपली दोन रकान्यांची सिद्धता त्याला दे आणि विचार, “दुरुस्त करू नकोस, कोणत्या ओळीला कारण अपुरं आहे तेवढं सांग.” आणि ते जे सांगेल त्यालाही उजवा रकाना लाव. ही यंत्रं चुकीची पायरीसुद्धा इतक्या ठासून लिहितात की वाचणाऱ्याला आपलंच चुकलं असं वाटतं. तशी चूक तू एकदा पकडलीस ना, की निम्मी भीती तिथेच जाईल. मैत्रिणीशीही नवा करार कर: उत्तरं पाठवायची नाहीत, सिद्धता एकमेकींना तोंडी सांगायच्या. येता-जाताचा एसटीतला वेळ त्यासाठी बरा. लिहिण्याची सोय नसल्यामुळे शब्दच वापरावे लागतात.

ऐकायला काही हवं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे लिनिअर अल्जेब्राचे पूर्ण अभ्यासक्रम फुकट आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीत अनेक वर्षं शिकवलेल्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं सगळेच सुचवतात, आणि ती सुरेख आहेतच, पण त्यांचा भर मॅट्रिक्सवर आणि चित्र डोळ्यांपुढे उभं करण्यावर आहे. त्यात तू आधीच बरी आहेस. ती सुट्टीत बघ.

क्लासबद्दल माझं मत जरा तिखट आहे. पदवीच्या गणिताचे जे क्लास मी पाहिले, तिथे बऱ्याच ठिकाणी सुटलेल्या प्रश्नांची छापील वही मिळते. ती तुला मैत्रीण फुकट देतेच आहे. जायचंच असेल तर आधी एकच विचार: तिथले शिक्षक माझी वही वाचतील का? नाही म्हणाले तर पैसे वाचव. एम.एस्सी.ला असलेली एखादी ताई आठवड्यातून तासभर तुझी वही बघायला तयार झाली तर ते कितीतरी स्वस्त आणि कामाचं. वडिलांना मात्र फी मागायची नसली तरी सहा गुण पडल्याचं सांगून टाक. द्राक्षबाग असलेल्या माणसाला वाईट हंगाम नवा नसतो.

आणि संख्याशास्त्र. आवडत असेल तर खुशाल घे, चांगला विषय आहे. विषय बदलण्याचे नियम सध्या बदलत असतात, तेव्हा मैत्रिणींच्या सांगण्यावर न जाता कॉलेजच्या ऑफिसात विचार. पण व्हेक्टर स्पेसपासून पळून तिकडे जात असशील तर आधीच सांगते: रिग्रेशन (आकडेवारीला जवळात जवळची रेषा बसवणं) शिकवायला लागले की काही दिवसांत एका सबस्पेसवर, म्हणजे व्हेक्टर स्पेसच्या आतल्या व्हेक्टर स्पेसवर, लंब टाकायला सांगतील. हाच पाहुणा तिथेही दारात उभा असेल.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न: दोन सबस्पेसचा छेद (दोघांत सामाईक असलेला भाग) सबस्पेस असतो, मग त्यांचा संयोगही (दोन्ही एकत्र केलेला संच) सबस्पेस असतो का? याचं पूर्ण उत्तर मी देत नाही, का ते तुला कळलं असेल. छेदासाठी ‘कोणतेही दोन’ घेऊन, म्हणजे समोरच्याला उचलायला देऊन, सुरुवात कर. संयोगासाठी प्रतलावर एक सबस्पेस आडवा अक्ष घे, दुसरा उभा अक्ष. इथे कांदे तू निवडायचेस: एकातून (१, ०), दुसऱ्यातून (०, १). त्यांची बेरीज कर आणि ती कोणत्या अक्षावर पडते ते बघ. मग दोन रकाने आखून मला पाठव.